न रुजलेला जंतू

१९४९ साली कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेत कुष्ठचिकित्सेचे शिक्षण घेण्यासाठी जे लोक जमले होते, त्यांत चांदा जिल्ह्यातील वरोरा गावचे, वैद्यकाची कोणतीही पदवी नसलेले आणि नागपुरास कायद्याचा अभ्यास करून काही वर्षे वकिलीची सनद वापरलेले एक गृहस्थ होते. मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजेच पुढचे बाबा आमटे, हे त्यांचे नाव, वय चौतीस, घरी पत्नी साधनाताई आणि पुरती तीन वर्षेही न झालेले दोन मुलगे. कुष्ठाचा जंतू ना काचपात्रात वाढतो, ना उंदराच्या वा सशाच्या देहात, आणि जो जंतू वाढविता येत नाही त्याच्यावर औषधाची परीक्षा घेता येत नाही, ही त्या काळच्या संशोधकांपुढील मोठी अडचण होती. ती समजताच आमट्यांनी या प्रयोगाकरिता आपला देह पुढे केला. जंतू टोचण्यात आले, परंतु ते रुजले नाहीत. प्रयोग फसला, आमटे वरोऱ्यास परतले, आणि पुढे दोन वर्षांच्या आत वरोऱ्याबाहेरच्या खडकाळ रानात आनंदवन ही कुष्ठरुग्णांची वसाहत उभी राहू लागली.

बाबांच्या निर्भयतेचा दाखला म्हणून हा प्रसंग सांगितला जातो आणि तसा तो आहेच. दोन तान्ह्या मुलांच्या बापाने महारोगाचा जंतू जाणूनबुजून अंगात घेणे ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु मला त्या प्रसंगात एक प्रश्न दडलेला दिसतो, आणि तो चरित्रकारांनी फारसा विचारलेला नाही. ज्या रोगाच्या धास्तीने आईबाप पोटच्या पोरांना घराबाहेर काढीत, बायका नवऱ्यांना सोडीत आणि गावे माणसांना वेशीबाहेर हाकलीत, त्या रोगाचा जंतू स्वेच्छेने पुढे केलेल्या धडधाकट शरीरात का रुजू नये? या प्रश्नाचे उत्तर त्या जंतूच्या शरीररचनेत आहे, आणि ते संपूर्णपणे हाती येण्यास त्यानंतर अर्धशतक जावे लागले.

त्या जंतूचे प्रथम दर्शन नॉर्वेत झाले. बर्गेन शहरी गेरहार्ड आर्मौर हॅन्सन या तरुण वैद्याने २८ फेब्रुवारी १८७३ रोजी रुग्णाच्या गाठीतील द्रव सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यात सूक्ष्म दंडगोल पाहिले आणि हेच रोगाचे कारण असावे असे अनुमान बांधले. त्याच संस्थेत त्याचे वरिष्ठ आणि त्याच वर्षी सासरे झालेले डॅनियलसेन हे रोग आनुवंशिक आहे या मताचे होते. आणि ते मत केवळ पुस्तकी नव्हते, कारण त्यांनी रुग्णांच्या गाठींतील द्रव स्वतःच्या अंगात टोचून घेतला होता आणि त्यांना काहीही झाले नव्हते. म्हणजे वरोऱ्याच्या वकिलाने कलकत्त्यात जे केले, ते त्याच्या किती तरी आधी बर्गेनमध्ये होऊन गेले होते व निष्फळही ठरले होते. फरक इतकाच की डॅनियलसेनांनी त्या अपयशावरून रोग संसर्गजन्य नाही असा चुकीचा निष्कर्ष काढला. हॅन्सनने पुढे १८७९ मध्ये एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात तिच्या अनुमतीवाचून रोगद्रव्य टोचले, त्याच्यावर खटला झाला आणि रुग्णालयातील जागा त्याला गमवावी लागली. परक्याच्या देहावर बळजबरी करणारा शोधक आणि स्वतःचा देह देणारे दोघे, अशी तिन्ही माणसे या एकाच जंतूच्या इतिहासात भेटतात.

या शोधाशी आपल्या मुंबई इलाख्याचा संबंध फार जवळचा आहे. ग्रँट मेडिकल कॉलेजातील डॉक्टर हेन्री व्हॅनडाइक कार्टर, ज्यांच्या रेखाटनांनी ग्रे यांच्या शरीरशास्त्राच्या ग्रंथाला कीर्ती मिळवून दिली, ते १८७३ मध्ये खुद्द नॉर्वेत गेले, तेथील रुग्णालये पाहून आले आणि हॅन्सनचे म्हणणे इंग्रजी वाचकांपुढे मांडणाऱ्या पहिल्या लोकांत त्यांची गणना झाली. त्याच कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकी डॉ. भाऊ दाजी लाड हे कडूकवठीच्या बियांचे तेल देऊन मुंबईत महारोग्यांवर उपचार करीत होते. सुश्रुतसंहितेत तुवरक म्हणून जी वनस्पती येते तिच्याच कुळातले हे झाड. आणि या तेलाहून अधिक गुणकारी असे औषध पुढे जवळजवळ सत्तर वर्षे जगात कोणापाशीच नव्हते.

हॅन्सनने जंतू पाहिला खरा, पण तो इतरांस दाखविणे त्याला जड गेले, कारण साधे रंग त्या जंतूवर नीट चढत नसत. याचे कारण त्याची भिंत. बहुतेक जीवाणूंस एक पातळ पटल आणि त्याबाहेर एक भिंत असते. परंतु क्षय आणि कुष्ठ यांचे जंतू ज्या कुळात जन्मले त्या कुळाने त्या भिंतीवर मेणाचे एक जाड अस्तर चढविले आहे. साठ ते नव्वद कर्बाणूंच्या लांबच लांब साखळ्या असलेली मायकोलिक आम्ले त्या भिंतीत दाटीने रोवलेली असतात. त्यांतून पाणी जात नाही, अनेक औषधे जात नाहीत आणि रंगही सहजासहजी जात नाही. मात्र उष्णता देऊन कार्बोल-फुक्सिनचा तांबडा रंग एकदा आत शिरविला, तर नंतर आम्लाने धुतले तरी तो बाहेर येत नाही. १८८२-८३ मध्ये झील आणि नीलसन या जर्मन वैद्यांनी ही रीत पक्की केली, आणि तेव्हापासून आजतागायत कानाच्या पाळीला बारीक छेद देऊन घेतलेल्या द्रवात निळ्या पार्श्वभूमीवर तांबड्या काड्या दिसल्या म्हणजे निदान ठरते. ह्या काड्या पेशीत सुट्या क्वचितच असतात. त्या एकमेकींस चिकटून समांतर पडलेल्या असतात, आणि तेंदूपत्त्याच्या चांदा मुलखातल्या माणसास त्या पाहताच विडीचा कट्टा आठवावा अशी त्यांची ठेवण असते.

रोगजंतू माणसास अपाय कसा करतात हे पाहू गेल्यास त्यांच्या अवयवांचा विचार करावा लागतो. पटकीच्या जंतूस एक शेपूट असते, तिच्या बळावर तो आतड्यात पोहत जातो, तेथे चिकटतो आणि मग असे विष सोडतो की काही प्रहरांत देहातले पाणी वाहून जावे. घटसर्पाचा जंतू घशातच राहतो. त्याचे विष मात्र हृदयापर्यंत पोहोचते. न्यूमोकोकस हा जंतू साखरेच्या द्रव्याचे एक जाड आवरण पांघरतो, त्यामुळे रक्तातील भक्षकपेशींना तो पकडता येत नाही. गडचिरोलीच्या खेड्यांत राणी व अभय बंग या दांपत्याने गावातल्याच आरोग्यसेवकांच्या हाती औषध देऊन बालकांचा जो न्यूमोनिया हटविला आणि ज्या कामाचे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले, त्या रोगाच्या प्रमुख कारणांत हा आवरणधारी जंतू मोडतो. कुष्ठाच्या जंतूपाशी यांतले काहीही नाही. त्याला शेपूट नाही, तसले आवरण नाही, तो बीजाणू धरीत नाही, आणि त्याचे कोणतेही विष आजवर सापडलेले नाही. ज्याला जग सर्वांत अधिक भ्याले, तो सर्व रोगजंतूंत जवळजवळ सर्वांत निःशस्त्र आहे. त्याच्यापाशी आहे ती फक्त भिंत.

ती भिंतच काय ते करते, आणि येथे या रोगाचे खरे रहस्य आहे. त्या मेणाच्या बाह्यतम थरात या एकाच जंतूत आढळणारा एक पदार्थ असतो. त्याचे बूड चरबीचे आणि टोकावर तीन शर्करांची एक विशिष्ट रचना. माणसाच्या मज्जातंतूंना वेढून बसणाऱ्या ज्या श्वान-पेशी असतात, त्यांच्या भोवतीच्या अस्तरात लॅमिनिन नावाचे प्रथिन असते, आणि ही तीन शर्करांची रचना त्या प्रथिनाला जाऊन चिकटते. १९९७ ते २००० या काळात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात हे सिद्ध झाले. म्हणजे हा जंतू मज्जातंतूत योगायोगाने शिरत नाही. त्याच्या अंगावरचे कवचच त्याला तेथे नेते. जीवाणूंच्या साऱ्या सृष्टीत मज्जातंतूंच्या या पेशींत घर करून राहणारा असा दुसरा रोगजंतू नाही.

या शोधाच्या कितीतरी आधी, सूक्ष्मदर्शक आणि चिकाटी एवढ्याच साधनांवर, मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी रोगाच्या अगदी आरंभीचे, त्वचेवर जेमतेम दिसणारे चट्टे तपासून त्यांतले जंतू मज्जातंतूंच्या बारीक शाखांत शिरलेले दाखविले होते, आणि ते त्या शाखांतून मोठ्या नसांकडे सरकतात असा सिद्धांत मांडला होता. त्यांची ही निरीक्षणे १९५१ मध्ये प्रसिद्ध झाली. आनंदवनात पहिल्या विहिरीची खोदाई चालू असता मुंबईत एक मराठी रोगविकृतिशास्त्रज्ञ त्याच रोगाचा मज्जातंतूंतील मार्ग रेखाटीत होता, हा योग मला नोंदवून ठेवण्याजोगा वाटतो.

जंतू नसेत शिरतो तो थंड जागा निवडून. सत्तावीस ते तेहतीस अंश ही त्याला मानवणारी उष्णता, आणि देहाच्या आतल्या भागाची उष्णता त्याहून अधिक. म्हणून कानाच्या पाळ्या, नाक, कोपराची नस, गुडघ्याखालची नस, हातापायांची टोके यांवर त्याचा रोख. नस गेली की स्पर्श जातो. चटका कळत नाही, काटा कळत नाही, चुलीवरचे भांडे हाताची कातडी घेऊन उतरते आणि माणसास त्याचा पत्ता नसतो. जखम चिघळते, दुसरेच जंतू तिच्यात शिरतात, हाड कुजते आणि बोट आखूड होत जाते. लोक म्हणत की महारोगात बोटे झडतात, आणि वैद्यही बहुधा तेच मानीत; ती झडत नाहीत, वेदनेच्या अभावी नकळत होणाऱ्या इजांनी झिजतात, हे १९४६ नंतर वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले. वेदना ही देहाची पहारेकरीण आहे, आणि हा जंतू माणसास मारीत नाही. तो त्या पहारेकरणीस काढून टाकतो.

आता त्या काळच्या चांदा मुलखाकडे वळू. सरकारदरबारी या रोगाचा बंदोबस्त म्हणजे १८९८ चा तिसरा कायदा, ज्याने भीक मागत फिरणाऱ्या महारोग्यास वॉरंटावाचून धरण्याचा अधिकार पोलिसास दिला होता. याच्या आधी, १८९० च्या सुमारास, खुद्द सरकारनेच नेमलेल्या आयोगाने हिंदुस्थानभर फिरून या रोगाची संसर्गशक्ती अत्यल्प असल्याचे मत दिले होते. पण ते दप्तरातच राहिले आणि कायदा मात्र झाला, कारण १८९७ मध्ये बर्लिन येथे भरलेल्या परिषदेने रोग्यांना वेगळे ठेवावे असाच कौल दिला होता. वऱ्हाड-नागपूरकडे मात्र पुढे एक वेगळी परंपरा रुजत गेली: वर्ध्याजवळ दत्तपूर येथे १९३६ पासून मनोहर दिवाण, सेवाग्रामात परचुरेशास्त्र्यांच्या जखमा स्वतः धुणारे गांधीजी, आणि १९४६ मध्ये अमरावतीस तपोवन उभारणारे डॉ. शिवाजीराव पटवर्धन. आमटे त्या परंपरेत सर्वांत उशिरा आले आणि सर्वांत अनपेक्षित वाटेने आले.

हिंगणघाटास १९१४ साली जन्मलेला, जमीनजुमला असलेल्या घरचा हा मुलगा. गोऱ्या शिपायांशी एका स्त्रीच्या अब्रूसाठी झुंजला म्हणून गांधीजींनी त्याला अभयसाधक म्हटले. वरोऱ्याच्या नगरपालिकेचे उपाध्यक्षपद भूषविताना भंगीकाम करणाऱ्यांचे कष्ट काय असतात हे कळावे म्हणून त्याने स्वतः मैल्याच्या पाट्या डोक्यावर वाहिल्या. अशाच एका पावसाळी संध्याकाळी गटाराकडेला तुळशीराम नावाचा मरणासन्न महारोगी त्याला दिसला: बोटे नसलेला, जखमांत किडे पडलेला. आणि कशासही न भिणारा तो अभयसाधक घराकडे पळाला. मग तो परत आला, तुळशीरामावर आडोसा केला, त्याला खाऊ घातले, अखेरपर्यंत त्याची सेवा केली. आपल्या पळण्याची लाज त्याला जाळीत राहिली, आणि कलकत्त्याचा तो प्रयोग मी याच लाजेचे अपत्य मानतो. ज्या जंतूपासून पळालो, त्याला देहात बोलावून घेतल्यावाचून ते ऋण फिटणारे नव्हते.

आनंदवनाचा आरंभ सर्वश्रुत आहे. वरोऱ्याबाहेर सरकारने दिलेली पन्नास एकर पडीत, दगडगोट्यांची जमीन, सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात चौदा रुपये. १९५१ च्या जूनमध्ये तेलंगणातील भूदानयात्रेहून परतणाऱ्या विनोबांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात मोडत होता आणि नागपूर त्या राज्याची राजधानी होती. बाबांनी आसपासच्या गावांत आठवड्याच्या आठवड्यास उपचारकेंद्रे चालविली, आणि हाती आता खरे औषध होते. १९४१ मध्ये अमेरिकेतील कारव्हिल येथे गाय फॅजेट यांनी सल्फोन वर्गाच्या औषधाचा गुण प्रथम दाखविला होता; त्याच वर्गातील डॅप्सोनची गोळी स्वस्त होती, तोंडाने घेता येत होती, आणि जंतूस लागणारे फोलिक द्रव्य तयार होऊ न देता ती त्याची वाढ रोखीत होती. रुग्ण बरे होऊ लागले, परंतु बरे झालेल्या हातांनी पिकविलेली भाजी वरोऱ्याच्या बाजारात कोणी घेईना. पुढे निरनिराळ्या देशांचे तरुण स्वयंसेवक सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलतर्फे तेथे येऊन राबले, रुग्णांसोबत राहिले, त्यांनी पिकविलेले अन्न जेवले. तेव्हा कोठे गावाचे मन वळू लागले. डॅप्सोन जंतूला आवरते, भीतीवर मात्र दुसऱ्याने पंगतीत बसून जेवणे हाच त्या वेळी इलाज ठरला.

इकडे प्रयोगशाळांतील, जंतू वाढविण्याची जुनी अडचण सुटलेली नव्हती. १९५८ मध्ये मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात बापट, कमल रणदिवे आणि खानोलकर यांनी रुग्णाच्या गाठीतून आम्लरोधी जंतू वाढविल्याचे जाहीर केले. त्या वाणापासून पुढे कुष्ठाची लस करण्याचा प्रयत्नही झाला, परंतु तो कुष्ठाचाच जंतू आहे हे सर्वमान्य झाले नाही. १९६० मध्ये शेपर्ड यांनी उंदराच्या तळपायात, म्हणजे त्याच्या देहाच्या थंड भागात, जंतू थोडाफार वाढविला. आणि १९७१ मध्ये कर्शहायमर व स्टॉर्स यांना अमेरिकेतील आर्माडिल्लो या कमी देहोष्णतेच्या, खवल्यांच्या प्राण्यात तो मुबलक वाढलेला मिळाला. काचपात्रात तो आजही वाढत नाही.

कारण कळले ते २००१ मध्ये, जेव्हा तमिळनाडूतील एका रुग्णाकडून मिळालेल्या वाणाची संपूर्ण जनुकसंहिता वाचली गेली. सुमारे तेहतीस लाख अक्षरांच्या त्या लेखात काम करणारी प्रथिन-जनुके सोळाशेच्या आसपास आणि मोडून पडलेली, निरुपयोगी जनुके अकराशेंहून अधिक आढळली. क्षयाच्या जंतूपाशी सुमारे चार हजार जनुके आहेत. त्याच घराण्याच्या या शाखेने माणसाच्या पेशीत आयते मिळते म्हणून स्वतःचे जवळजवळ सर्व उद्योग सोडून दिले, आणि सोडलेल्या उद्योगांचे भग्नावशेष तेवढे दप्तरात राहिले. तो एकदा विभागण्यास बारा ते चौदा दिवस घेतो, जेथे सामान्य जंतूस वीस-तीस मिनिटे पुरतात. अशा परावलंबी, मंदगती जीवाला बहुतेक माणसांची प्रतिकारशक्ती सहज संपविते. शंभरांतील नव्वदांहून अधिक माणसांना जवळ राहूनही तो बाधत नाही. डॅनियलसेनांच्या देहात तो रुजला नाही, आमट्यांच्या देहात रुजला नाही, आणि आनंदवनातल्या सेवकांच्या देहातही तो बहुधा रुजला नाही, याचा उलगडा येथे होतो.

भिंतीची गोष्ट मात्र येथे संपत नाही. १९६४ मध्ये डॅप्सोनला न जुमानणारे जंतू मलायात आढळले, तेव्हा त्याच्या जोडीस रिफॅम्पिसिन आणि क्लोफाझिमिन देण्याचा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८१ मध्ये घेतला. भारतात ही बहुऔषध चिकित्सा प्रथम ज्या दोन जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांतला एक वर्धा होता. औषधाने जंतू मरतो. पण त्याचे मेणाचे कवच देहास लवकर विरघळविता येत नाही. मेलेल्या जंतूंच्या भिंती नसांत आणि त्वचेत महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे पडून राहतात, आणि प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडली की नस सुजते, हाताचा पंजा वळतो, पाऊल लोळते. हे उपचार चालू असताना होते आणि उपचार संपल्यानंतरही होते. रुग्णालयाच्या दप्तरात ज्याला बरा म्हणून सोडलेले असते त्यालाही अशा वेळी स्टेरॉइड द्यावे लागते, आणि ते वेळेवर मिळाले नाही तर नस कायमची जाते. बाबांनी रुग्णांसाठी नुसता दवाखाना न काढता वसाहत, शेती, शाळा आणि कारखाने का काढले, याचे वैद्यकीय कारण या भिंतीत आहे: जंतूनाश झाल्यावरही ज्याच्या हातांत स्पर्श उरत नाही, त्याला काम, हत्यार आणि जखमेवर लक्ष ठेवणारा शेजार लागतो.

१८९८ चा तो कायदा अखेर २०१६ मध्ये पुस्तकातून गेला. बाबा त्यापूर्वी आठ वर्षे, ९ फेब्रुवारी २००८ रोजी, आनंदवनात निवर्तले होते. देशपातळीवर रोगाचे प्रमाण २००५ अखेर दहा हजारांत एकाखाली आल्याचे जाहीर झाले. जुन्या चांदा मुलखातल्या चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत मात्र नवे रुग्ण आजही महाराष्ट्रातील इतर पुष्कळ जिल्ह्यांपेक्षा अधिक मिळतात. पावसाळ्यात नाल्यांपलीकडे तुटून पडणाऱ्या पाड्यांवर आशा कार्यकर्ती घरोघर जाऊन पाठीवर, दंडावर फिकट अथवा तांबूस बधिर चट्टा आहे का हे पाहते आणि तसा आढळल्यास त्या माणसाला प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठविते. तेथे सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा औषधाचा पुडा विनामूल्य मिळतो, आणि चट्टा दिसल्यापासून तो पुडा हाती येईपर्यंत किती महिने गेले, यावरच त्या माणसाच्या हाताची बोटे शाबूत राहतील की नाही हे ठरते.